फॉर्म भरल्यावर माणसाला पेमेंटच्या पानावर कसं न्यायचं, आणि पैसे कोणाचे आले ते कसं जुळवायचं?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. कार्यशाळांच्या नावनोंदणीची एक साइट सांभाळते, वर्डप्रेसवर आहे, फॉर्म कॉन्टॅक्ट फॉर्म ७ या प्लगइनचा. नाव, ईमेल, फोन, कुठली बॅच, एक दिवसाची की दोन दिवसांची, आणि खाली एक मोठी चौकट ज्यात आधीचा अनुभव लिहायचा. सध्या चाललंय असं की फॉर्मचा मेल आमच्याकडे येतो, मग आमच्यातलं कोणीतरी त्या माणसाला हाताने पेमेंटची लिंक पाठवतं, मग तो भरतो किंवा विसरतो, आणि आम्ही दोन याद्या शेजारी शेजारी उघडून कोणाचे आले कोणाचे राहिले ते बघत बसतो. त्यात नावं जुळत नाहीत, कारण फॉर्म मुलीच्या नावाने आणि पैसे वडिलांच्या कार्डावरून, ईमेलही वेगळाच.

मला हवंय एवढंच की सबमिट दाबलं की माणूस थेट पेमेंटच्या पानावर जावा, रक्कम आधीच भरलेली असावी, आणि पैसे भरून झाले की आमच्या यादीत त्याच्या नावापुढे तशी खूण व्हावी.

पेपाल या पेमेंट सेवेच्या सँडबॉक्सवर, म्हणजे खोट्या पैशांच्या चाचणीच्या जागेवर, करून बघितलं. मेल जायच्या आधी जो हुक (आपला कोड अडकवायची जागा) चालतो त्यात पीएचपीमधून सगळी फील्ड्स त्यांच्या पत्त्यावर पोस्ट केली. उत्तरात त्यांच्या पानाचं अख्खं एचटीएमएल आलं, लॉगमध्ये दिसतंय, पण फॉर्म भरणाऱ्याच्या स्क्रीनवर काहीच हललं नाही, हिरव्या चौकटीत संदेश पोचल्याचं वाक्य तेवढं आलं. हेडरने रीडायरेक्ट करून, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरातूनच दुसऱ्या पानावर पाठवून पाहिलं, तेही होत नाही. रक्कम एका हिडन फील्डमध्ये ठेवलीय, बॅच बदलली की जावास्क्रिप्ट ती बदलते, तो भाग नीट चालतोय.

आणि कार्डाचा नंबर आमच्याच फॉर्मवर घेऊन पुढे पाठवला तर सोपं पडेल का? सेवा अजून पक्की नाही, स्ट्राइप पण चालेल. कोडिंग थोडंफार येतं, समजावून सांगितलं तर करेन.

रात्रपाळी:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कार्डाचा नंबर तुमच्या फॉर्मवर घेऊ नका. अजिबात नको. तो आकडा तुमच्या सर्व्हरला नुसता स्पर्श करून गेला तरी पीसीआय डीएसएस नावाच्या सुरक्षा नियमांचा मोठा भाग तुमच्या अंगावर येतो, आणि कॉन्टॅक्ट फॉर्म तर भरलेली माहिती मेलने पाठवतो, म्हणजे कार्डाचे नंबर कोणाकोणाच्या इनबॉक्समध्ये पडून राहणार. कार्डामागचा तीन आकडी कोड तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच बंदी आहे. पेमेंट सेवेच्या पानावर माणसाला पाठवलं की तो सगळा भार त्यांच्याकडे जातो. तुम्ही ठरवलेला रस्ताच बरोबर आहे.

आता स्क्रीन का हलत नाही ते. पीएचपीमधून पोस्ट करता तेव्हा पेपालशी बोलतो तो तुमचा सर्व्हर. म्हणजे तुमचा सर्व्हर स्वतः दुकानात जाऊन आला आणि गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं. पेमेंटच्या पानावर जायला हवा माणसाचा ब्राउझर. आणि हेडरचा रीडायरेक्ट लागू होत नाही कारण कॉन्टॅक्ट फॉर्म ७ पान न बदलता मागच्या मागे सबमिट करतो, तुमचं हेडर त्या मागच्या विनंतीला उत्तर म्हणून जातं, उघड्या पानाला त्याचं काहीच नसतं. त्या प्लगइनमध्ये मेल गेल्यावर पानावर एक इव्हेंट (काही घडल्याची सूचना) उठतो, डब्ल्यूपीसीएफ७मेलसेंट नावाचा, तो जावास्क्रिप्टमध्ये ऐकायचा आणि तिथून पान बदलायचं. तेवढं केलं की माणूस पुढे सरकेल.

पण नुसतं सरकवून तुमचं खरं दुखणं जाणार नाही, ते आहे याद्या जुळवण्याचं. त्यासाठी क्रम बदला. फॉर्म आला की सगळ्यात आधी तो स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवा आणि त्या नोंदीला एक नंबर द्या. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आपणहून काही साठवत नाही हे लक्षात असू द्या, फक्त मेल पाठवतो. त्याच लेखकाचं फ्लेमिंगो नावाचं प्लगइन साठवतं, किंवा स्वतःचं छोटं टेबल करा, मी टेबलच करेन कारण त्यात "पैसे बाकी", "पैसे आले" असा स्टेटसचा कॉलम ठेवता येतो. नोंद झाली की पेमेंट सेवेला फक्त तो नंबर आणि रक्कम द्यायची. पेपालच्या जुन्या बटणवाल्या पद्धतीत कस्टम नावाचं फील्ड असतं, स्ट्राइपमध्ये क्लायंट रेफरन्स आयडी, दोन्हींत तुम्ही घातलेला नंबर पैशांच्या खबरेबरोबर जसाच्या तसा परत येतो. मग कार्ड वडिलांचं असो की मावशीचं, तुम्ही नाव बघतच नाही, नंबर बघता.

पाटीपुस्तक:

एवढं सगळं कशाला? स्ट्राइपच्या पेमेंट लिंक असतात, प्रत्येक बॅचची एक बनवा आणि पानावरून तिथे पाठवा. लिंकच्या शेवटी क्लायंट रेफरन्स आयडी आणि ईमेल जोडता येतो, ईमेल तिथे आपोआप भरलेला दिसतो. सर्व्हरवर नव्या कोडची गरजच नाही, आणि रक्कम लिंकमध्येच पक्की असल्यामुळे तीही कोणी बदलू शकत नाही.

रात्रपाळी:

@पाटीपुस्तक, बॅचेस मोजक्या आणि रक्कम ठरलेली असेल तर खरंच चांगला उपाय आहे, मीही सुचवतो. फक्त त्या रेफरन्समध्ये इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं, २०० अक्षरांपर्यंत. त्यात कोणी देवनागरीत नाव घातलं किंवा ईमेल घातला तर तो न बोलता गाळला जातो, पान नेहमीसारखं उघडतं, पैसेही जातात, आणि तुम्हाला रेफरन्स रिकामा मिळतो. चूक दिसतच नाही, म्हणून सांगून ठेवतोय. साधा नंबरच घाला.

सरळरेषा:

निळीशाई, "तो भाग नीट चालतोय" असं तुम्ही हिडन फील्डबद्दल लिहिलंय, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच काढायला हवा. हिडन म्हणजे फक्त डोळ्यांना न दिसणारं. कुठलाही ब्राउझर घ्या, पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, तुमचं रक्कमेचं फील्ड समोर येईल, त्यावर डबल क्लिक करून १ लिहा आणि सबमिट करा. पेमेंटच्या पानावर १ दिसेल, १ भरला जाईल आणि तुमच्याकडे "पैसे आले" अशी खबरही येईल. ती खबर खरीच असते, पैसे आलेलेच असतात, पण किती ते कोणी बघितलेलं नसतं. यासाठी कोणी हॅकर लागत नाही.

फॉर्ममधून फक्त बॅचचा कोड यायला हवा. त्या कोडला किती रक्कम ते सर्व्हरवर ठरतं, तिथून नोंदीत लिहिलं जातं आणि तिथूनच पेमेंट सेवेकडे जातं. स्ट्राइपला सर्व्हरवरून चेकआउट सेशन, म्हणजे त्या एका व्यवहारापुरतं पेमेंटचं पान, बनवायला सांगितलं की ते एक यूआरएल देतात, माणसाला त्या यूआरएलवर पाठवायचं, रक्कम त्यांच्याकडेच ठरलेली असते त्यामुळे ब्राउझरमध्ये बदलायला काही उरतच नाही. जुनी बटणाची पद्धत वापरणारच असाल तर पैसे आल्याची खबर येते तेव्हा रक्कम, चलन, आणि पैसे तुमच्याच खात्यात आलेत ना, हे तिन्ही आपल्या नोंदीशी ताडून मगच खूण करायची.

रक्कमेवरून आणखी एक. स्ट्राइपला रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान एककात द्यावी लागते, डॉलर असेल तर सेंटमध्ये, म्हणजे शंभराने गुणून. येनसारख्या चलनाला लहान एकक नाही, तिथे गुणायचं नाही. आणि दशांशाचे आकडे फ्लोटमध्ये (कॉम्प्युटर दशांश अंदाजे धरतो त्या प्रकारात) धरून गुणाकार करू नका, कुठेतरी एका सेंटचा फरक पडतो आणि मग वरचा ताळमेळ अडकतो. रक्कम पहिल्यापासून पूर्णांकातच ठेवा.

काही सेवांना सगळी फील्ड्स एका ओळीत जोडून त्यांची गुप्त कीने सही करून पाठवावी लागते. तिथे सगळा खेळ फील्डच्या क्रमाचा आणि एन्कोडिंगचा. इंग्रजी नावांवर महिनाभर सुरळीत चालतं आणि पहिलं देवनागरी नाव आलं की सही जुळत नाही असा निरोप येतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं, सही करताना नाव एका रूपात होतं आणि पाठवताना यूआरएल एन्कोड होऊन (पत्त्यात चालणाऱ्या चिन्हांत बदलून) दुसऱ्या रूपात गेलं, किंवा कोणी मागचा स्पेस ट्रिम केला. म्हणून टेस्ट करताना खरी मराठी नावं घाला, जोडाक्षरांची घाला, मधे दोन स्पेस असलेली घाला.

निळीशाई:

बापरे, इन्स्पेक्ट करून बघितलं, खरंच १ झालं. हिडन फील्ड आजच काढते. स्ट्राइपचा चेकआउट सेशनवाला रस्ता घ्यायचं ठरवलंय, टेस्ट कीवर सेशन बनतंय आणि माणूस त्यांच्या पानावर जातोय. खूप आभार दोघांचे.

आता परतीचं विचारते. पैसे भरून झाल्यावर ते माणसाला आमच्या धन्यवादाच्या पानावर परत पाठवतात. त्या पत्त्यातच नोंदीचा नंबर लावलाय, आणि पान उघडलं की त्या नोंदीला "पैसे आले" करते. एवढं पुरेल ना? आणि ती अनुभवाची मोठी चौकट मेटाडेटात (व्यवहाराला जोडलेल्या जादा माहितीत) पाठवू का, म्हणजे त्यांच्या डॅशबोर्डवर सगळं एकत्र दिसेल?

वेबविणकर:

नाही पुरणार, आणि हाच भाग नीट समजून घ्या कारण बहुतेकांचं इथेच फसतं.

धन्यवादाचं पान उघडणं हा पैसे आल्याचा पुरावा नाही. दोन्ही बाजूंनी नाही. एक म्हणजे तो पत्ता कोणीही टाइप करू शकतं, नंबर ४१ ऐवजी ४२ केला की दुसऱ्याच माणसाची नोंद पैसे न भरता भरलेली दिसेल. दुसरं म्हणजे ज्याने खरंच भरलेत तो परत येईलच असं नाही. मोबाइलवर पैसे भरले, बँकेच्या ॲपमध्ये ओटीपी घ्यायला गेला, भरल्याचा मेसेज आला आणि त्याने टॅब बंद केला, त्याच्या दृष्टीने काम झालं. किंवा नेट गेलं. त्याचे पैसे कटलेत आणि तुमच्या यादीत तो बाकीदार. असा माणूस कार्यशाळेच्या दारात आला की त्याचा अपमान होतो, मला हे तांत्रिक चुकीपेक्षा जास्त लागतं.

पुरावा येतो तो वेबहुकने. म्हणजे पेमेंट सेवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला सांगतो की हा व्यवहार झाला, मधे माणसाचा ब्राउझर नाही. स्ट्राइपमध्ये तो इव्हेंट चेकआउट डॉट सेशन डॉट कम्प्लीटेड. त्यात तुमचा रेफरन्स नंबर असतो. पण तिथेही पेमेंट स्टेटस पेड आहे का बघायचं, कारण काही बँक पद्धतींत माणसाने सूचना दिलेली असते आणि पैसे काही दिवसांनी येतात, तेव्हा कम्प्लीटेड येतो पण स्टेटस अनपेड असतं, नंतर असिंक पेमेंट सक्सीडेड नावाचा वेगळा इव्हेंट येतो. दोन्ही ऐका.

वेबहुकचा पत्ताही कोणीही हाक मारू शकेल असाच असतो, म्हणून आलेली खबर खरी त्यांचीच आहे का ते तपासायचं. स्ट्राइप हेडरमध्ये सही पाठवतं, त्यांची लायब्ररी ती तपासून देते, फक्त तिला विनंतीचा मूळ मजकूर जसाच्या तसा द्या. आधी जेसन (मजकूर ज्या मांडणीत येतो ती) डीकोड करून पुन्हा एन्कोड केलेला दिलात तर एखादा स्पेस इकडचा तिकडे होतो आणि सही जुळत नाही, लोक यात दिवस घालवतात. पेपालच्या पैशांची खबर देण्याच्या जुन्या आयपीएन पद्धतीत उलटं असतं, आलेला मजकूर जसाच्या तसा त्यांच्याकडे परत पाठवून विचारायचं आणि ते व्हेरिफाइड किंवा इनव्हॅलिड सांगतात.

मग उत्तर. तुमच्या सर्व्हरने लगेच २०० ("मिळालं" असा उत्तराचा कोड) द्यायचं, मेल पाठवणं पीडीएफ बनवणं वगैरे जड कामं नंतर. उत्तर मिळालं नाही तर ते पुन्हा पाठवतात, स्ट्राइप लाइव्हमध्ये ३ दिवसांपर्यंत पाठवत राहतं. हे तुमच्या भल्याचं आहे, सर्व्हर तासभर बंद असला तरी खबर हरवत नाही. पण त्याचाच अर्थ असा की एकच खबर दोनदा येऊ शकते. म्हणून इव्हेंटचा आयडी साठवा, आधी आलेला असेल तर काही न करता २०० द्या. नाहीतर एकाच माणसाला जागा पक्की झाल्याचे तीन मेल जातात.

धन्यवादाच्या पानाचं काम फक्त बोलण्याचं. तिथे सेशनचा आयडी घेऊन सर्व्हरवरून विचारा की झालंय का, झालं असेल तर तसं सांगा, नसेल तर "आम्ही खात्री करतोय, मेल येईल" एवढं लिहा. कधी वेबहुक आधी येतो कधी माणूस, दोन्ही क्रम चालले पाहिजेत. त्या पत्त्यात नोंदीचा साधा नंबर ठेवू नका.

मेटाडेटाचं, मोठी चौकट तिथे बसायची नाही, त्यातल्या एका रकान्याच्या मजकुराला ५०० अक्षरांची मर्यादा आहे. बसली असती तरी नको म्हटलं असतं. माणसाने तुम्हाला सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू दे, पेमेंटवाल्यांना त्याची गरज नाही.

पाटीपुस्तक:

वेबविणकरशी पूर्ण सहमत. आमच्याकडे वेबहुक येतच नव्हते तेव्हा कारण निघालं सिक्युरिटी प्लगइन, बाहेरून आलेली पोस्ट विनंती बॉट समजून अडवत होतं. तो एक पत्ता तिथून वगळावा लागला. आणि साइट पासवर्डच्या आड ठेवून टेस्ट करत असाल तर वेबहुकलाही पासवर्डचंच पान दिसतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारी साइट तर बाहेरून दिसतच नाही, त्यासाठी स्ट्राइपचं कमांड लाइनचं टूल आहे, ते खबर तुमच्या मशीनपर्यंत आणून देतं. सेशनच्या पानाला आयफ्रेममध्ये (आपल्या पानाच्या आतल्या चौकटीत) बसवायला जाऊ नका, ते पान फ्रेममध्ये उघडत नाही.

निळीशाई:

वेबहुक चालू झाला! टेस्ट कार्डाने पैसे भरले, मुद्दाम टॅब बंद केला, आणि तरी यादीत "पैसे आले" झालं. इव्हेंट आयडी साठवायला लागलेय.

एक अडचण राहिली. बॅचमध्ये जागा मर्यादित आहेत. फॉर्म भरला की जागा धरायची की पैसे आल्यावर? फॉर्मवर धरली तर न भरणारे जागा अडवून बसतात, आणि पैशांवर धरली तर शेवटच्या एका जागेसाठी दोघांचे पैसे येऊ शकतात.

सरळरेषा:

मधला रस्ता घ्या, फॉर्म आला की जागा धरा पण मुदतीपुरती. चेकआउट सेशन आपणहून २४ तासांनी संपतं, ते सेशन बनवतानाच कमी करता येतं, कमीत कमी ३० मिनिटं. तेवढी ठेवा आणि पेमेंटच्या पानावर जायच्या आधी माणसाला स्पष्ट सांगा की अर्धा तास जागा तुमच्यासाठी राखून ठेवलीय. सेशन संपलं की एक्स्पायर्डचा इव्हेंट येतो, तो आला की जागा सोडा. संपलेल्या सेशनवर पैसे भरताच येत नाहीत, म्हणून सोडलेल्या जागेचे पैसे मागून येतील ही भीती राहत नाही. बँकेतून उशिरा येणाऱ्या पद्धती मात्र मर्यादित बॅचला बंदच ठेवा, त्यात जागा दिवसेंदिवस लटकते.

जागा मोजणं आणि धरणं डेटाबेसमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकदम किंवा काहीच नाही), त्या बॅचच्या ओळीला लॉक लावून करा. आधी मोजली, मग वेगळ्याने धरली, तर त्या मधल्या क्षणात दुसरा घुसतो. सबमिट बटण एकदा दाबल्यावर बंद करा, आणि सेशन बनवताना नोंदीच्या नंबरावरून इडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) द्या म्हणजे घाईत दोनदा दाबलं तरी सेशन एकच बनेल.

वेबविणकर:

आणि ज्यांची मुदत संपली त्यांना सोडून देऊ नका. नोंद तुमच्याकडे आहेच, त्यांना मेल जाऊ दे की जागा असेपर्यंत या लिंकवरून पुन्हा भरता येईल. ती लिंक थेट पेमेंटच्या पानाची नको, ते सेशन मेलेलं असतं. तुमच्या साइटची असावी, त्यात नोंदीच्या नंबराऐवजी एक लांबलचक रँडम टोकन, आणि ती उघडली की जागा बघून नवं सेशन बनवायचं, इडेम्पोटन्सी कीही नवी द्यायची, नाहीतर जुनंच सेशन परत मिळेल.

सध्याचा मेल पण तपासून घ्या. कॉन्टॅक्ट फॉर्ममधून माणसाला जर "तुमची नोंदणी झाली" असा मेल जात असेल तर तो फॉर्म भरल्या भरल्या जातोय, पैशांच्या आधी. तिथे फक्त "फॉर्म मिळाला, पैसे भरल्यावर जागा पक्की होईल" असं लिहा आणि पक्क्याचा मेल वेबहुकमधून पाठवा.

निळीशाई:

जातोय, अगदी तेच वाक्य आहे. आत्ता बदलते, आणि टोकनवाली लिंकही त्याच मेलमध्ये घालते म्हणजे मधेच कोणाचं नेट गेलं तरी परतीचा रस्ता हातात राहील. मुदत ३० मिनिटंच ठेवतेय. लाइव्ह करायच्या आधी दोन ब्राउझरमधून शेवटच्या जागेवर एकाच वेळी सबमिट करून बघते आणि काय होतं ते इथे लिहिते.